फ्लॅश आणि एलईडी एकत्र वापरताना: सांगली-मिरज भागातून वारंवार येणारे प्रश्न

तुळशीची लग्नं झाली की मांडव पडायला लागतात आणि तेव्हापासून माझ्या व्हॉट्सअपवर एकाच छापाचे फोटो यायला लागतात. नवरीचा चेहरा पांढराफटक, मागचं सगळं केशरी, आणि खाली लिहिलेलं, "दादा, काय चुकलं सांगा." सांगली-मिरजेतनं येतात, तासगाव, विटा, पलूस, जतकडनं येतात, आता कराड-साताऱ्याकडनंही यायला लागलेत. प्रत्येकाला रात्री बसून वेगळं टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. कुठूनही वाचा, पण २ आणि ३ आधी वाचा कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

१. कंटिन्युअस लाइट म्हणजे नक्की कुठला, आणि फ्लॅश असताना त्याची भानगड कशाला?

चालू केला की चालूच राहतो तो सगळा कंटिन्युअस. स्टुडिओतला सीओबी एलईडी (एकाच मोठ्या चिपचा), व्हिडिओवाल्याचा पॅनेल, कार्यालयातल्या ट्यूबा आणि झुंबरं, मांडवातला हॅलोजन म्हणजे आपण फोकस म्हणतो तो, समई, निरांजन, खिडकीतनं येणारा उजेडसुद्धा त्यातच आला. त्यामुळे पूर्ण अंधाऱ्या खोलीत नसाल तर फ्लॅश उडवला की दोन लाइट मिसळतातच, तुम्ही ठरवा अगर नका ठरवू. ठरवून मिसळले तर मांडवाची रोषणाई, समईची ऊब, मागच्या माणसांचे चेहरे हे सगळं फोटोत येतं आणि पुढचा चेहरा फ्लॅशमुळे स्वच्छ राहतो. न ठरवता मिसळले तर वर सांगितला तसला फोटो होतो.

२. शटर बदललं तरी फ्लॅशचा उजेड बदलत नाही असं म्हणतात, ते कसं काय?

एलईडी म्हणजे चालू नळ आणि फ्लॅश म्हणजे एका झटक्यात ओतलेली बादली. नळ जितका वेळ चालू तितकं पाणी साठतं, म्हणून शटर १/१०० वरून १/५० केलं (म्हणजे सेकंदाच्या शंभराव्याऐवजी पन्नासाव्या भागाएवढं उघडं ठेवलं) की एलईडीचा उजेड दुप्पट. बादली मात्र ओतून झालेली असते. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, पॉवर कमी असेल तर त्याहून कितीतरी कमी वेळात संपतो, तेवढ्यापुरतं शटर पूर्ण उघडं असलं की झालं, नंतर ते किती वेळ उघडं राहतं याच्याशी फ्लॅशला काही देणंघेणं नाही.

म्हणजे एका फोटोत दोन एक्स्पोजर चाललेली असतात. शटरनं फक्त कंटिन्युअस लाइट हलतो, फ्लॅशच्या पॉवरनं फक्त फ्लॅश हलतो, आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं भोक, एफचा आकडा) आणि आयएसओनं (सेन्सर उजेडाला किती दाद देतो त्याचा आकडा) दोन्ही बरोबरीनं हलतात. हे शेवटचं लय जणांच्या लक्षात राहत नाही, "आयएसओ वाढवला पण मागचं उजळायच्या ऐवजी चेहराच फुटला (पांढराफटक झाला)" अशी तक्रार घेऊन येतात. चेहरा फुटणारच, कारण आयएसओनं प्रमाण बदलत नाही. प्रमाण बदलायचं तर शटर, फ्लॅशची किंवा एलईडीची पॉवर आणि लाइटचं अंतर या तीनच जागा आहेत. याला एक अपवाद आहे, तो १३ मध्ये.

३. कार्यालयात गेल्यावर सेटिंग कुठून सुरू करू, आधी फ्लॅश का आधी बाकीचं?

आधी फ्लॅश बंद. स्टेजकडे तोंड करून मॅन्युअलवर नुसत्या तिथल्या उजेडात एक फोटो घ्या आणि मागची सजावट जशी हवी तशी दिसेपर्यंत सेटिंग करा. आतल्या कार्यालयात मी साधारण आयएसओ १६००, एफ २.८ आणि १/१०० च्या आसपास सुरू करतो (१/१०० च का ते ९ मध्ये आहे). मागचं थोडं दबलेलं, म्हणजे एक स्टॉपभर अंडर चालतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), उलट माणूस मागच्यापासून सुटून दिसतो. मग फ्लॅश चालू करून १/३२ पासून चेहरा बरोबर येईपर्यंत पॉवर वाढवा.

उलटं केलं, म्हणजे आधी फ्लॅशवर चेहरा बसवला, की मागचं उजळायला काहीतरी बदलावं लागतं आणि मग चेहरा परत बिघडतो, आणि तोपर्यंत भटजी "मामा, मुलीला घेऊन या" म्हणतात.

४. माझा एलईडी १५० वॅटचा आहे, डोळ्याला बघवत नाही एवढा भक्क उजेड आहे, तरी फ्लॅश उडवला की फोटोत तो दिसतच नाही. लाइट डुप्लिकेट आहे का?

लाइट बरोबर आहे. दुकानात वॅट आणि वॅट-सेकंद हे दोन आकडे शेजारी शेजारी सांगतात त्यामुळे हा घोळ होतो. १५० वॅटचा लाइट एका अख्ख्या सेकंदात १५० ज्यूल ऊर्जा खातो. तुमचं शटर १/१०० ला उघडं असतं, म्हणजे तुमच्या फोटोच्या वाट्याला आले दीड ज्यूल. २०० वॅट-सेकंदचा फ्लॅश, म्हणजे गोडॉक्स एडी २०० घ्या, फुल पॉवरला त्याचे २००च्या २०० ज्यूल त्याच फोटोत ओततो. फ्लॅश सगळ्यात खाली १/१२८ वर आणला तेव्हा कुठे तो दीड ज्यूलवर येतो. दोघांची ऊर्जेतून उजेड करायची ताकद सारखी नसते, छत्री का सॉफ्टबॉक्स यानं पण फरक पडतो, त्यामुळे हा हिशोब अगदी नेमका धरू नका, पण फरक शंभर पटीच्या घरात आहे एवढं त्यातनं दिसतं. डोळा सतत बघत असतो म्हणून त्याला एलईडी मोठा वाटतो आणि फ्लॅश काय आला काय गेला कळतच नाही.

मग करायचं काय तर फ्लॅश खाली आणायचा. लोक ५०० वॅटचा एलईडी बघायला लागतात, त्याची गरज नसते. फ्लॅश १/६४ किंवा १/१२८ वर आणा, शटर १/५० पर्यंत उतरवा, आणि एलईडी जवळ घ्या. लाइटचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, म्हणजे दोन स्टॉप फुकटात मिळाले. एवढं करूनही फ्लॅश जास्तच होत असेल तर तो छतावर किंवा भिंतीवर मारा.

५. चेहरा पांढरा आणि मागचं केशरी येतंय. व्हाइट बॅलन्स कितीवर ठेवू?

कुठल्याच एका आकड्यानं हे सुटणार नाही, कारण तुमच्या फोटोत दोन रंगांचे लाइट आहेत आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यानं कुठला उजेड पांढरा धरायचा तो आकडा, एकच असतो. फ्लॅश साधारण ५५०० ते ५६०० केल्विनचा असतो (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). हॅलोजन ३२०० चा, झुंबरातले पिवळे बल्ब २७०० ते ३००० चे. कॅमेरा ५६०० वर ठेवला तर मागचं केशरी, ३२०० वर ठेवला तर मागचं छान आणि नवरी निळी. म्हणून फ्लॅशचाच रंग बदलायचा, त्यासाठी सीटीओ जेल, म्हणजे फ्लॅशच्या तोंडावर लावायचा नारिंगी कागद. कुठला ते पुढच्या प्रश्नात.

स्टेजवर जांभळे-गुलाबी एलईडी पार (डेकोरेशनचे गोल रंगीत दिवे) लावलेले असतील तर ते जुळवायच्या मागं लागू नका, ते कशालाच जुळत नाहीत. तिथं फ्लॅश चेहऱ्यावर त्या रंगापेक्षा निदान दोन स्टॉप जास्त पडेल असा ठेवा आणि रंग मागं पडद्यावर राहू द्या. चेहऱ्यावर पडलेला जांभळा नंतर निघत नाही. डेकोरेशनवाल्याला मुहूर्तापुरते पुढचे दोन पार बंद करायला सांगितले तर बहुतेक जण ऐकतात, फक्त पाहुणे यायच्या आधी सांगा, ऐनवेळी त्याला दहा कामं असतात.

६. फुल सीटीओ लावू का हाफ? आणि आकाशकंदिलाचा जिलेटिन कागद चालेल का?

फुल सीटीओनं फ्लॅश ३००० केल्विनच्या आसपास येतो, हाफनं ३५०० ते ३८०० आणि क्वार्टरनं ४१०० ते ४५०० च्या दरम्यान, कंपनीप्रमाणे थोडं इकडंतिकडं होतं. पिवळ्या बल्बशी तंतोतंत जुळवायचं असेल तर फुल. पण लग्नात मला स्वतःला हाफच आवडतो. कॅमेरा ३८०० वर ठेवायचा, चेहरा नैसर्गिक येतो आणि मागचे दिवे थोडे उबदार राहतात. फुल लावून सगळं एकसारखं पांढरं केलं की मांडव मांडव वाटत नाही, हॉटेलची लॉबी वाटते. फुल जेल पाऊण स्टॉपच्या आसपास उजेड खातो, तेवढी पॉवर वाढवा.

आकाशकंदिलाचा जिलेटिन चेहऱ्यासाठी नको. तो डोळ्याला नारिंगी दिसतो पण कुठला रंग किती सोडतोय याचा काही भरवसा नसतो आणि दोन गठ्ठ्यांतले कागद सारखे निघत नाहीत, शिवाय लागोपाठ फुल पॉवर मारली की तापून गोळा होतो. मागच्या भिंतीवर रंग टाकायला खुशाल वापरा.

काही जण उलटं विचारतात, की एलईडीलाच निळा जेल लावून फ्लॅशसारखा करू का. करता येतं, पण फुल सीटीबी दीड स्टॉप खातो आणि एलईडी आधीच बिचारा कमी पडतोय (४ बघा). कमी ताकदीच्या लाइटवर शक्यतो जेल लावू नका, ताकदवाल्यावर लावा.

७. जेल लावून ऑटो व्हाइट बॅलन्स ठेवला तर चालत नाही का?

नाही. कॅमेऱ्यावर फ्लॅश बसलाय कळलं की बरेच कॅमेरे ऑटोमध्ये फ्लॅशचा रंग गृहीत धरतात, तुम्ही त्याच्यावर नारिंगी कागद लावलाय हे त्याला माहीत नसतं. आणि नसलं गृहीत धरलं तरी लाल शालू फ्रेममध्ये आला की एक आकडा, पांढरी शेरवानी आली की दुसरा. केल्विन हातानं टाका आणि विधी संपेपर्यंत हलवू नका.

८. व्हिडिओवाला त्याचा लाइट माझ्या फ्रेममध्ये घेऊन उभा राहतो, आणि वर तोच म्हणतो तुमच्या फ्लॅशनं माझा व्हिडिओ खराब होतोय. काय करायचं?

त्याचं म्हणणं खरं आहे. व्हिडिओ कॅमेऱ्याचा सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, फ्लॅश त्या वाचण्याच्या मध्येच उडतो त्यामुळे अर्धी फ्रेम पांढरी आणि अर्धी साधी येते, आणि ते एडिटिंगमध्ये काढायला त्याचा जीव जातो. त्यामुळे भांडण्यापेक्षा सकाळी चहाला दोघं एकत्र बसा आणि तीन गोष्टी ठरवा.

पहिली, रंग. त्याचा पॅनेल बायकलर असेल तर तो साधारण २७०० पासून ६५०० पर्यंत फिरतो. हॉल पिवळा असेल तर त्याला ३५०० च्या आसपास ठेवायला सांगा आणि तुम्ही हाफ सीटीओ लावा, दोघांचा लाइट एका रंगाचा झाला. त्याचा लाइट नुसता पांढरा असेल आणि त्याला लावायला जेल नसेल तर मग तुम्ही जेल काढा, चेहऱ्यावर दोन्ही पांढरे पडू देत आणि मागचं पिवळं सोडून द्या. चेहऱ्यावर एक लाइट पिवळा आणि एक पांढरा, एवढं होऊ द्यायचं नाही.

दुसरी, दिशा. त्याचा लाइट ज्या बाजूनं आहे त्याच बाजूनं तुमचा फ्लॅश येऊ द्या. दोघं दोन बाजूंनी मारायला लागले की नाकाला दोन्हीकडं सावली पडते आणि डोळ्यांत दोन-तीन टिंबं दिसतात. नाहीतर त्याचा लाइट सरळ मागं घ्यायला सांगा, केसांवर आणि खांद्यावर सुंदर कड येते, त्याच्या व्हिडिओलाही बरं दिसतं.

तिसरी, वेळ, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मंगलाष्टकं चालू असताना अक्षता पडतात, तिथं फ्लॅश लागतो. अर्धा मीटर खाली आलेला तांदळाचा दाणा सेकंदाला तीन मीटरच्या वेगानं पडत असतो, नुसत्या एलईडीवर १/१०० ला तो तीन सेंटीमीटरची रेघ होतो, आणि कमी पॉवरच्या फ्लॅशमध्ये मात्र हवेत थांबलेला दाणा दिसतो. प्रत्येक "सावधान"ला एक-दोनच फ्लॅश मारा, व्हिडिओवाल्याला तेवढे चालतात. मग शेवटचं कडवं होऊन अंतरपाट निघतो, दोघं एकमेकांकडं बघतात, हार घालतात, तेव्हा मात्र फ्लॅश बंद करा. आयएसओ ३२०० करा आणि त्याच्या एलईडीवर भराभर फोटो घ्या. फ्लॅश चार्ज व्हायची वाट बघत नवरीचं ते हसू गेलं तर परत येत नाही, आणि तेच हसू व्हिडिओत अर्ध्या पांढऱ्या फ्रेमनं कापलं गेलं तर घरच्यांना आयुष्यभर तसंच बघावं लागतं.

९. फोटोत आडव्या पट्ट्या येतात. फ्लॅश बिघडलाय का कॅमेरा?

बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात. पट्ट्या दोन प्रकारच्या. एक म्हणजे फोटोची एकच बाजू काळी, कड बऱ्यापैकी सरळ, तिथं फ्लॅश पोचलाच नाही. ती सिंक स्पीडची (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सगळ्यात जलद शटरची) भानगड, शटर कॅमेऱ्याच्या मर्यादेच्या वर गेलंय. बऱ्याच कॅमेऱ्यांना ती १/२०० किंवा १/२५० असते, काहींना १/१६०. खाली या, गेली पट्टी.

दुसरी म्हणजे मऊ कडेच्या, एकापेक्षा जास्त, कधी पिवळसर कधी हिरवट पट्ट्या. त्या लाइटच्या फडफडीच्या. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून विजेवरचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत पूर्ण चक्र येतं आणि पट्टी येत नाही. १/१६० वर येते. कुठली पट्टी आहे कळत नसेल तर फ्लॅश बंद करून त्याच सेटिंगला फोटो घ्या, पट्टी राहिली तर दिव्याची, गेली तर सिंकची.

१०. शटर १/१०० च आहे तरी पट्ट्या येतात, तेही गावाकडच्या मांडवात.

दोन कारणं बघा. लाइट जनरेटरवर असतील तर ५० हर्ट्झ नेमके मिळत नाहीत, लोड वाढला-कमी झाला की आकडा हलतो. आणि स्वस्तातले एलईडी, विशेषतः मंद केल्यावर, विजेच्या नाही तर स्वतःच्या सर्किटच्या वेगानं फडफडतात, तिथं १/१०० चा काही उपयोग होत नाही. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये लाइट बघा, फडफड सरळ दिसते. मंद करायच्या ऐवजी तो लाइट पूर्ण चालवून लांब न्या. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा.

११. सायलेंट शटरवर फ्लॅश उडतच नाही.

बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश चालत नाही. मेकॅनिकलवर या. त्याच शटरवर एलईडीच्या पट्ट्यापण जास्त येतात, त्यामुळे लग्नात ते नकोच.

१२. हरिपूरला संगमावर प्री-वेडिंग केलं, पहिले फोटो भारी आले आणि नंतर एकेक करत सगळं बिघडत गेलं. नेमकं काय झालं?

कृष्णा-वारणेच्या संगमावर सूर्य बुडाल्यावर आकाश वीस-बावीस मिनिटं रंगात असतं आणि त्या वेळात ते दर दोन-तीन मिनिटांना काळवंडत जातं. तुम्ही सेटिंग एकदा लावून तिथंच राहिलात, आकाश अंधारत गेलं, मग घाबरून आयएसओ वाढवला आणि चेहरा फुटला (२ बघा).

फ्लॅशवर काम करत असाल तर इथं सगळ्यात सोपं आहे. आयएसओ आणि अ‍ॅपर्चर ठरवा, फ्लॅश चेहऱ्यावर बसवा आणि त्या तिघांना हात लावू नका. आकाश काळवंडेल तसं फक्त शटर खाली, १/२०० वरून १/१००, मग १/५०, मग १/२५. चेहरा शेवटपर्यंत तसाच राहतो कारण फ्लॅशला शटर लागत नाही. १/३० च्या खाली ट्रायपॉड घ्या आणि जोडप्याला हलू नका म्हणा.

एलईडीवर काम करत असाल तर शटर उतरवाल तसा चेहराही उजळणार, म्हणजे प्रत्येक वेळी एलईडी तेवढाच कमी करावा लागतो. शटर निम्मं हळू केलं की लाइटचा डायल ५० टक्क्यांवरून २५ वर. हे लक्षात ठेवून करणारे आहेत, पण घाईत विसरायला होतं, म्हणून नदीकाठी संध्याकाळी चेहऱ्याला फ्लॅश आणि मागनं केसांना बारीकसा एलईडी ही जोडी मी सुचवेन. त्यातही फ्लॅशला क्वार्टर सीटीओ लावा, मागं निळं आकाश असताना गोरापान पांढरा चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो.

१३. दुपारी उन्हात एफ २.८ वर काढायचंय. एचएसएस (हाय-स्पीड सिंक, म्हणजे सिंक स्पीडच्या वर फ्लॅश चालवायची सोय) वापरला तर काही नुकसान आहे का?

आहे, आणि २ मधला अपवाद हाच. एचएसएसमध्ये फ्लॅश एकदा उडत नाही, शटरची फट सेन्सरवरनं सरकत असेपर्यंत भराभर फडफडत राहतो, म्हणजे तेवढ्यापुरता तो एलईडीसारखा कंटिन्युअस होतो. त्यामुळे इथं शटर वाढवलं की फ्लॅशसुद्धा कमी होतो, आणि एचएसएस सुरू करतानाच दोन-एक स्टॉप ताकद गेलेली असते. फ्लॅश जवळ आणा, जाड डिफ्यूजर काढा.

दुसरा रस्ता एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढं लावायची उजेड कमी करणारी काच. भर उन्हात आयएसओ १०० आणि १/२०० ला साधारण एफ ११ येतं, तिथून २.८ म्हणजे चार स्टॉप, तेवढ्याचा एनडी लावला की सिंक स्पीडमध्येच राहता. फक्त एनडी फ्लॅशलाही तेवढाच कापतो, त्यानं प्रमाण बदलत नाही. उन्हात एलईडी आणायचे कष्ट घेऊ नका, थेट ऊन लाखभर लक्स असतं, त्याच्यापुढं आपला पॅनेल लागलाय का बंद आहे ते कळत नाही.

१४. वरातीत नाचणाऱ्यांच्या मागं लाइटच्या रेघा येतात तसले फोटो कसे काढतात?

शटर १/१० ते १/१५, फ्लॅश कमी पॉवरला, आणि रिअर कर्टन सिंक. आधी डीजेचे लाइट आणि हालचाल रेघा काढतात आणि शेवटी फ्लॅश उडून माणूस थांबतो, त्यामुळे रेघा माणसाच्या मागं राहतात. साध्या सिंकला उलटं होतं, रेघा तोंडावर येतात. ट्रिगर (लांबचा फ्लॅश उडवायला कॅमेऱ्यावर बसवतात तो) वापरत असाल तर तो तुमच्या कॅमेऱ्याला रिअर सिंक देतो का आधी बघा, सगळे देत नाहीत. व्हिडिओवाल्याचा एलईडी थेट माणसावर असेल तर हे जमत नाही, माणूस फ्लॅशनं थांबतो आणि एलईडीनं पुसटपण होतो, कडेला भुतासारखी दुसरी कड दिसते. तेवढ्यापुरता तो बाजूला घ्यायला सांगा.

आणि कळकळीनं सांगतो, लेझर चालू असेल तिथं लेन्स त्याच्या तोंडाकडं करू नका. लेझरचा थेट किरण सेन्सरवर कायमचे डाग पाडू शकतो. मिररलेसचा सेन्सर बहुतेक वेळ उघडाच असतो, त्यामुळे फोटो काढत नसतानासुद्धा कॅमेरा गळ्यात खाली तोंड करून ठेवा.

१५. त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर, किंवा घरी ओवाळताना, फ्लॅश मारला की दिव्याचा सगळा मूड जातो. आणि नाही मारला तर चेहरा काळा.

ज्योत १९०० केल्विनच्या आसपास असते, बल्बपेक्षाही तांबडी. तिला पांढरी करायला जाऊ नका, ती तांबडीच सुंदर दिसते. कॅमेरा ३५०० च्या आसपास ठेवा, फ्लॅशला फुल सीटीओ लावा, म्हणजे चेहरा उबदार आणि ज्योत त्याहून उबदार. शटर १/१५ ते १/३०, ज्योतीला हवा तेवढा वेळ मिळतो.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून समोर मारला की संपलंच, पणतीचा उजेड कुठून येतोय तेच कळत नाही. उजेड पणतीच्या बाजूनं यायला पाहिजे, खालून आणि थोडा पुढून. म्हणून ओवाळतानाचा फोटो मी फ्लॅशवर काढतच नाही, तबकाच्या मागं किंवा पाटाखाली तळहाताएवढा एलईडी २७०० वर, दहा टक्क्यांच्या आत मंद करून ठेवतो (मंद केल्यावर फडफडतो का ते १० प्रमाणे बघून), आणि फ्लॅश नुसता खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, जेमतेम, मागची माणसं काळी पडू नयेत म्हणून. बहिणीच्या चेहऱ्यावर निरांजनाचाच उजेड पडलाय असं वाटतं.

१६. मिरजेत सतारमेकर गल्लीत कारागिरांचे फोटो काढायचेत. आत खिडकीचा उजेड, वर पिवळा बल्ब, आणि पॉलिशवर फ्लॅश चमकतो.

आधी बल्ब बंद करता येतो का विनंती करून बघा, पण बारीक काम चालू असेल तर नका करू, त्यांना त्याच उजेडात दिसतं. बल्ब चालू ठेवायचा तर तो मागं कोपऱ्यात दिसू दे, पिवळाच राहू दे, आणि माणसावर खिडकी आणि फ्लॅश हे दोन पांढरे लाइट ठेवा, जेल नको. फ्लॅश खिडकीच्याच बाजूच्या भिंतीवर मारा म्हणजे खिडकीच मोठी झाल्यासारखी वाटते. फक्त भिंत रंगीत नाही ना बघा, हिरव्या ऑइलपेंटच्या भिंतीवरनं उजेड हिरवाच येतो.

भोपळ्याच्या पॉलिशवरची चमक पॉवर कमी करून जात नाही, दिशा बदलून जाते. छोटा लाइट असेल तर टिंब चमकतं, मोठी भिंत असेल तर लांब मऊ झळाळी येते आणि तीच त्या वाद्याला शोभते. तंबोऱ्याच्या वक्रावर ती झळाळी कुठून कुठं जाते हे एलईडी हातात धरून फिरवून आधी बघा, मग त्याच जागी फ्लॅश ठेवा. कंटिन्युअस लाइटचा मला सगळ्यात मोठा उपयोग हाच वाटतो.

१७. आमचा घरगुती हळदीचा व्यवसाय आहे. पाकिटावरची हळद फोटोत हिरवट येते. दोन एलईडी आणि एक फ्लॅश वापरतो.

पाकिटाच्या फोटोला एलईडी बंद करा, नुसत्या फ्लॅशवर काढा. स्वस्त एलईडीच्या उजेडात काही रंग कमीच असतात आणि हळदीसारख्या गडद पिवळ्यावर ते लगेच उघडं पडतं. फ्लॅशच्या झेनॉन नळीचा उजेड सगळ्या रंगांत बऱ्यापैकी भरलेला असतो. एलईडीच वापरायचा तर सीआरआय (रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा, १०० पैकी) ९५ च्या वरचा घ्या. हळद हवेत उधळलेला फोटो असेल तर अक्षतांचाच नियम, ८ मध्ये आहे. बेदाण्याला मात्र मागनं एलईडी लावून बघा, दाण्यातनं उजेड आरपार दिसतो आणि कुठला दाणा चमकतोय ते बघत मांडता येतं.

१८. स्टुडिओत मॉडेलिंग लाइट (फ्लॅशमधला, सावली आधी बघायला चालू ठेवायचा बल्ब) चालू ठेवला तर रंग बिघडतो का?

आयएसओ १००, एफ ८, १/१६० असेल तर काही फरक पडत नाही. पण तुम्ही आयएसओ ८००, एफ २ आणि १/६० वर आलात तर हॅलोजनचा पिवळा त्वचेवर यायला लागतो. ट्रिगर काढून एक फोटो घ्या, पूर्ण काळा आला की निश्चिंत.

१९. टीटीएल (फ्लॅशची पॉवर कॅमेराच ठरवतो ते) का मॅन्युअल?

स्टेजवर ग्रुप फोटो चाललेत, अंतर तेच आहे, तर मॅन्युअल. वराच्या मागं पळत फोटो काढताय तर टीटीएल, पण ते पांढऱ्या फेट्याला एक आणि काळ्या कोटाला एक पॉवर देतं, त्यामुळे एलईडीशी बसवलेलं प्रमाण दर फोटोला हलतं. बऱ्याच ट्रिगरमध्ये टीटीएलचा आकडा मॅन्युअलमध्ये पकडायची सोय असते, पहिला फोटो टीटीएलवर घ्यायचा आणि तिथंच लॉक करायचं.

२०. रॉ मध्ये (सेन्सरचा सगळा डेटा ठेवणारी फाइल) काढलंय, मग दोन लाइटचे दोन रंग एडिटिंगमध्ये सुधारता येतील ना?

लाइट वेगवेगळ्या जागी पडले असतील तर येतील. मागची भिंत पिवळी आणि पुढचा माणूस पांढरा, मास्क लावा, मागचं तापमान खाली आणा, झालं. पण एकाच गालावर डावीकडनं पिवळा आणि उजवीकडनं पांढरा पडला असेल तर मध्ये दोन्ही मिसळलेत, तिथं मास्कची कड कुठं ठेवणार? पिवळा काढला की सावली निळी होते, निळी सुधारली की ओठ राखाडी होतात. दीड हजार फोटोंच्या अल्बमला हे एकेक करत बसता येत नाही. गालावर दोन रंग पडलेलेच असतील तर तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून द्या, आणि पुढच्या लग्नाला बॅगेत हाफ सीटीओचे दोन तुकडे टाका, एक फ्लॅशला आणि एक व्हिडिओवाल्याचा लाइट नुसता पांढरा निघाला तर त्याला द्यायला.